थांबा-आत्या आणि एक्केचाळीस बाक

माझ्या आत्याला मागणी घालायला जो पहिला मुलगा आला, तो बसल्या बसल्या म्हणाला, "माझा स्वभाव एकदम शांत. मी कधीच चिडत नाही."

आत्या तेव्हा बावीस वर्षांची होती. तिने सरळ विचारलं, "कधीच म्हणजे? या महिन्यात किती वेळा?"

"एकदाही नाही."

"आणि मागच्या महिन्यात?"

"सांगितलं ना, नाही म्हणून!"

"तुमच्या घरचेही असंच म्हणतील? विचारू का त्यांना?"

तो ताडकन उठला आणि चहाचा कप तसाच टाकून जिना उतरून गेला. नंतर जो दुसरा आला, त्याने तिच्या पाच प्रश्नांपैकी तीन प्रश्नांना "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं. माझ्या बाबांना, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाला, तो अगदीच मठ्ठ वाटला. आत्या म्हणाली, "दादा, हा बरा आहे. आपल्याला काय माहीत नाही हे तरी याला माहीत आहे." तो इमारतींचे नकाशे काढायचा. त्याच्याबरोबर तिने चौतीस वर्षं सुखाने संसार केला. काकांना जाऊन आता दहा वर्षं झाली. अजूनही कुणी फार छातीठोकपणे बोलायला लागलं, की आत्या त्यांच्या खुर्चीकडे बघून गालातल्या गालात हसते.

आत्या नगरपालिकेत लघुलेखिका होती. सभागृहात कोण काय बोललं ते जसंच्या तसं शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं, हे तिचं काम. एकोणिसाव्या वर्षी नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच सभेत दोन नगरसेवक एकाच वेळी एकमेकांवर ओरडायला लागले. आत्याची पेन्सिल कुणामागे धावणार? ती उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा! एका वेळी एकानेच भांडा." दोघेही थांबले. मग नगराध्यक्ष हसले, आणि तिचं नाव पडलं 'थांबा'. पुढे वयाबरोबर त्याला 'आत्या' जोडलं गेलं आणि सगळा मोहल्ला तिला थांबा-आत्या म्हणायला लागला. बसची वाट बघत रांगेत उभी असली की टवाळ लोक म्हणायचे, "बघा, थांब्यावर थांबा उभा आहे." तिला त्याचं काही वाटायचं नाही.

एकोणचाळीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेतल्यामुळे तिला एक खोड लागली होती. कुणी म्हणालं, "अमकी असं म्हणाली," की आत्या विचारायची, "शब्दशः काय म्हणाली?" हा प्रश्न ऐकून आमच्या घरातली किती भांडणं जागच्या जागी बसली, त्याला गणती नाही. माझ्या चुलतबहिणीच्या सासूबाई "हिला काहीच येत नाही" असं म्हणाल्याची बातमी आली, तेव्हा काकू पदर खोचून निघाल्या होत्या. आत्याने त्यांना दारातच अडवलं, बातमी आणणाऱ्याला बोलावलं, त्याला ज्याने सांगितलं त्याला बोलावलं. तीन माणसं मागे गेल्यावर पूर्ण वाक्य सापडलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिला काहीच येत नाही असं कोण म्हणतं?" वाटेत कुणीतरी शेपूट कापून टाकलं होतं. काकूंनी पदर सोडला, पण थोडी निराशाही झाली त्यांची. भांडणाची तयारी फार चांगली झाली होती.

आमच्या इमारतीत आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि मी आई-बाबांबरोबर दुसऱ्या. आता बाकांची गोष्ट सांगते.

आमच्या मोहल्ल्यापासून दोन गल्ल्या सोडून एक मोठी बाग आहे. बागेत एक्केचाळीस लाकडी बाक होते. सकाळ-संध्याकाळ ते वडीलधाऱ्यांनी भरलेले असायचे. बाबांचा स्वतःचा एक बाक होता, म्हणजे निदान ते तसं समजायचे आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं की समोर उभे राहून खोकायचे. एका सोमवारी बाबा बागेत गेले तर बाकच नाहीत. एकही नाही. जमिनीत नुसते खड्डे. बाबा काठीवर रेलून पाऊण तास उभे राहिले आणि गुडघे धरून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या फोनवर एक चित्रफीत फिरायला लागली. अकरा सेकंदांची. नगरपालिकेच्या सभेत बाग समितीच्या नगरसेविका उभ्या आहेत आणि म्हणताहेत, "हे म्हातारे म्हणजे आता निव्वळ अडगळ. उचला आणि बाहेर काढा." बस, एवढंच.

आमच्या गावात दोन पक्ष आहेत. त्यांच्या झेंड्यांवरून लोक त्यांना पिवळे आणि जांभळे म्हणतात. नगरसेविका जांभळी. आमचे बाबा पिवळे, आणि ते असे पिवळे की डॉक्टरांनी एकदा 'कावीळ तपासून घ्या' म्हटलं तर त्यांना तो शुभशकुन वाटला होता. चित्रफीत बघून बाबांचा पारा चढला. दुपारपर्यंत त्यांनी सह्यांचा कागद तयार केला: वृद्धांना अडगळ म्हणणाऱ्या नगरसेविकेने राजीनामा द्यावा. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या एकोणीस घरांच्या सह्या झाल्या. तळमजल्यावरच्या औषधवाल्याने सही केली नाही, पण तो मुळातच जांभळा, त्यामुळे त्याची कुणाला अपेक्षाच नव्हती. मग राहिली एकच सही.

बाबा कागद घेऊन वर गेले. मी त्यांच्या मागोमाग.

"ही घे, सही कर," बाबा म्हणाले.

आत्याने चित्रफीत बघितली. मग परत बघितली. तिसऱ्यांदा बघताना तिचं बोट टेबलावर हलत होतं. ऐकलेलं उतरवून घ्यायची तिच्या बोटांची जुनी सवय. मग तिने कागद परत केला.

"थांबा."

"अगं काय थांबा? स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंस, कानांनी ऐकलंस!"

"अकरा सेकंद ऐकलं. सभा तीन तास चालते, दादा. या वाक्याच्या आधी ती श्वास घेत नाहीये. म्हणजे मागे आणखी काहीतरी आहे."

"मागे काय असणार? मागे आणखी शिव्या असतील!"

"असतील. ऐकू की मग."

"तू आता त्यांच्यातली झालीस होय? जांभळी?"

बाबा पुढची दहा मिनिटं बोलत होते. आत्याने शांतपणे ड्रॉवरमधून वही-पेन्सिल काढली आणि लिहायला बसली. बाबा दमले तेव्हा तिने चष्मा सारखा केला आणि सभेचं इतिवृत्त वाचावं तशा सपाट आवाजात वाचून दाखवलं, "'या जांभळ्यांचा बापजन्मात कधी भरवसा धरू नये. ते उद्या म्हणतील सूर्य पूर्वेला उगवतो, तरी मी खिडकी उघडून बघेन.'"

"हे मी म्हणालो?" बाबांनी विचारलं.

"शब्दशः. आणि चांगलं म्हणालास. तेच करायचंय आपल्याला, फक्त पिवळ्या-जांभळ्या दोघांच्याही बाबतीत. खिडकी उघडून बघायचं."

बाबा तरातरा खाली निघून गेले. त्या आठवड्यात जिन्यात लोक आत्याशी तुटक बोलायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या बाई तिच्याकडून रोज कोथिंबीर निवडून घ्यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. कुणीतरी तिच्या दाराला जांभळी फीत बांधून गेलं. आत्याने ती सोडवली आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवली. मला मात्र वाईट वाटलं. मी म्हटलं, "करून टाक ना सही. एका सहीने काय होतंय?"

"काय होतंय ते मलाही माहीत नाही," ती म्हणाली, "म्हणून तर करत नाही. तू चल माझ्याबरोबर."

नगरपालिकेच्या सभांचं ध्वनिमुद्रण होतं आणि अर्ज केला तर कुणालाही ते ऐकता येतं. हे गावात बहुधा आत्यालाच माहीत होतं. अभिलेख कक्षातली मुलगी आमचा अर्ज बघून बुचकळ्यात पडली. तिच्या तीन वर्षांच्या नोकरीतला हा पहिलाच अर्ज होता. हेडफोन शोधण्यातच वीस मिनिटं गेली.

मग आम्ही एकेक कान वाटून घेतला. आधी गटारांवर चाळीस मिनिटं. मग दिव्याच्या खांबांवर. मला डुलकी लागणार एवढ्यात विषय क्रमांक नऊ आला, बागेतले बाक. नगरसेविकांचा आवाज: "कोपऱ्यातल्या चौदा बाकांचे पाय कुजलेत. परवा एक आजी पडता पडता वाचल्या. कुणाचं हाड मोडेपर्यंत वाट बघायची का? हे म्हातारे म्हणजे आता निव्वळ अडगळ. उचला आणि बाहेर काढा."

मी टाळीच वाजवली. "बाकांना म्हणाली! बाकांना!"

आत्याने माझा हात दाबला. "थांब. पुढचं ऐक."

पुढे कुणीतरी विचारलं, "मग नवे कधी बसवणार?" नगरसेविका म्हणाल्या, "बघू." आणि सभा विषय क्रमांक दहाकडे गेली.

आत्याने एवढंही शॉर्टहँडच्या रेघोट्यांमध्ये उतरवून घेतलं. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर ती म्हणाली, "अडगळ ती बाकांना म्हणाली. पण 'बघू' मात्र आपल्याला म्हणाली. आणि कुजले होते चौदा, नेले एक्केचाळीस. उरलेले सत्तावीस कुठे गेले, हे कुणी विचारतच नाहीये."

त्या संध्याकाळी तिने जिन्याच्या मोकळ्या जागेत सगळ्यांना गोळा केलं आणि पूर्ण उतारा वाचून दाखवला. पहिल्या मजल्यावरच्या बाई ओशाळून आपल्या पायांकडे बघत होत्या. बाबा मात्र इतक्यात हार मानणारे नव्हते.

"तोंडाने बाकांना म्हणाली असेल. पण तिच्या मनात आपणच होतो!"

"असू शकेल," आत्या म्हणाली. "पण मनातलं मी कधीच उतरवून घेतलं नाही, दादा. तिथवर माझी पेन्सिल पोचत नाही."

सगळे हसले, आणि बाबासुद्धा थोडेसे. इथे गोष्ट संपली असती तर ती आत्याच्या शहाणपणाची गोष्ट झाली असती. पण आत्याही आमच्यासारखीच माणूस आहे.

औषधवाला पुढे आला. त्याचा चेहरा फुलला होता. "आत्या, तुम्ही तर कमाल केलीत! आता हेही ऐका. ही चित्रफीत कापली कुणी? आमच्या लोकांनी शोधून काढलंय. पिवळ्यांचे चिटणीस. तुमचे जुने हेडक्लार्क."

आत्याचा चेहरा एकदम बदलला. तो हेडक्लार्क म्हणजे आत्याच्या आयुष्यातला एकमेव खलनायक. आमच्या घरात त्याला 'खोडरबर' म्हणायचे. बावीस वर्षांपूर्वी आत्याच्या इतिवृत्तातलं एक वाक्य कुणीतरी खोडलं होतं, त्याचा ठपका तिच्यावर आला, तिला लेखी समज मिळाली. तिला खात्री होती की ते काम याचंच. त्याने कधी कबूल केलं नाही. ती समज आत्याने फाडून टाकली नव्हती; कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवली होती.

"त्याचंच काम!" आत्या कडाडली. "दुसरं कोण करणार? वाक्यं कापायची जुनी खोडच आहे मेल्याला!"

मी तिथेच उभी होते. माझ्या तोंडावर आलं होतं, "आत्या, थांब." पण खरं सांगायचं तर मी बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला असं भडकलेलं बघत होते, आणि मला मजा येत होती.

दोनच दिवसांत जांभळ्यांच्या पत्रकात मोठ्या अक्षरांत छापून आलं: "चित्रफितीमागे पिवळ्यांचे चिटणीस! निवृत्त लघुलेखिकेची ग्वाही." पत्रक बागेच्या फाटकावर लागलं, पाणपोईवर लागलं, खोडरबर ज्या वाचनालयात रोज वर्तमानपत्र वाचायला जायचा त्याच्या दारावरही लागलं. तिथे कुणीतरी त्याच्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि म्हणालं, "द्या इकडे, नाहीतर कात्री लावाल." तो गृहस्थ टोपी उचलून निमूट घरी गेला. हे ऐकून आत्या म्हणाली, "बरं झालं." आणि दुसरा चहा घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेलरकाका जिना चढून आले. शेजारच्या इमारतीत राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, दुकान मुलाकडे देऊन निवृत्त झालेले. हातात फोन, आणि चेहरा असा की जणू कुणाचं कापड उलटं कापलं गेलंय.

"आत्या, ती चित्रफीत कापलेली नाही हो."

"म्हणजे?"

"ती मीच काढलीय. कुणाला सांगायला धीर होत नव्हता. मी प्रेक्षकांच्या गॅलरीत बसलो होतो. आमच्या गल्लीच्या गटाराचा विषय होता म्हणून गेलो. गटार झालं आणि मला डुलकी लागली. झोपेत 'पाय कुजलेत' असं कानावर आलं. मला वाटलं, माझ्याच पायांचं बोलताहेत. दचकून उठलो, फोन काढला, लाल बटण दाबलं. तोवर बोलणं पुढे गेलं, त्यामुळे 'हे म्हातारे'पासूनचंच आलं त्यात. मग बॅटरी संपली."

"आणि मग?"

"मग आमच्या ज्येष्ठ मित्रमंडळाच्या गटावर पाठवली. तिथून तुमच्या दादांनी सगळ्यांना पाठवली. हेडक्लार्क बिचारे आमच्या गटात नाहीतसुद्धा. त्यांच्याकडे साधा फोन आहे, आकड्यांच्या बटणांचा."

टेलरकाका गेले. आत्याचं बोट टेबलावर हलत नव्हतं. शेवटी म्हणाली, "औषधवाल्याला मी एक प्रश्न विचारला नाही."

"कुठला?"

"कुठलाच नाही. त्याला कुणी सांगितलं, त्यांना कसं कळलं, काही नाही. मला हवं होतं तेच तो बोलला, आणि मी त्याच्या हातावर टाळी दिली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू तिथे काय करत होतीस?"

मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "गाढव आहेस." मग म्हणाली, "आपण दोघीही."

दुपारी आम्ही खोडरबरकडे गेलो. आत्याने माफी आधी शॉर्टहँडमध्ये लिहून घेतली होती, म्हणजे ऐनवेळी एखादा शब्द गिळला जाऊ नये. दार त्यानेच उघडलं. छोटीशी खोली, खिडकीत घडी घातलेली वर्तमानपत्रं, टेबलावर खरोखरच साधा बटणांचा फोन. आत्या उभ्या उभ्याच वाचायला लागली, "मी खात्री न करता आपल्यावर आरोप केला. तो खोटा होता. आपली जाहीर बदनामी झाली, त्याला मी जबाबदार आहे. त्याबद्दल मी आपली माफी मागते."

त्याने कानाला हात लावला. "नीट ऐकू आलं नाही. पुन्हा वाचा."

आत्याने पुन्हा वाचलं.

"शेवटचं वाक्य जरा हळू वाचलंत."

आत्याने तिसऱ्यांदा वाचलं, आणि या वेळी इतक्या मोठ्याने की शेजारचं दार उघडलं. त्याने समाधानाने मान हलवली आणि आम्हाला बसायला सांगितलं. चहा केला. चहा संपत आल्यावर तो कपात बघत म्हणाला, "चित्रफितीचं मला काहीच ठाऊक नव्हतं, बाई. पण ते बावीस वर्षांपूर्वीचं वाक्य... ते मीच खोडलं होतं. वरून सांगितलं होतं. तेव्हा घाबरलो."

आत्याने कप खाली ठेवला. तिने पर्स उघडली, पेन्सिल काढली आणि विचारलं, "हे उतरवून घेऊ?"

"नको हो!" तो म्हणाला, आणि दोघंही हसायला लागली. असं हसली की आत्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. परत येताना ती म्हणाली, "बघ, तेव्हाचं माझं खरं निघालं. त्यामुळेच तर घोटाळा झाला. तेव्हाचं खरं होतं म्हणून आत्ताचंही खरं धरून चालले."

तेवढ्यावर ती थांबली नाही. औषधवाल्याला म्हणाली, "पत्रकात दुरुस्ती छापा. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत." औषधवाला म्हणाला, "चौथ्या पानावर बारीक छापू. उगाच पिवळ्यांना फायदा कशाला?" तेव्हा आत्याने स्वतःच आपल्या सुबक अक्षरात बारा प्रती काढल्या आणि जिथे जिथे ते पत्रक लागलं होतं, तिथे शेजारी चिकटवल्या. वाचनालयाच्या दारावर तर दोन लावल्या. लोक म्हणायला लागले, थांबा-आत्या आता पिवळी झाली. पंधरा दिवसांत तिने दोन्ही रंग भोगले.

याच धावपळीत एका सकाळी नगरसेविका आभार मानायला आल्या. चाळिशीच्या, थकलेल्या, हातात फुलांचा गुच्छ. "तुम्ही माझी अब्रू वाचवलीत, आत्या. लोक मला दुकानात सामानसुद्धा देत नव्हते."

"ते वाईटच झालं," आत्या म्हणाली. "बसा. पण आभार नंतर माना. त्या सभेत तुम्ही 'बघू' म्हणालात. बघू म्हणजे कधी?"

नगरसेविका गडबडल्या. "म्हणजे... प्रक्रिया सुरू आहे."

"सत्तावीस बाक चांगले होते. ते कुठे आहेत?"

"सगळेच उचलले गेले. कामगारांना चौदा दाखवायला कुणी गेलंच नाही. पाण्याच्या टाकीमागे पडलेत." मग त्या म्हणाल्या, "मीच जायला हवं होतं."

"हे चांगलं बोललात," आत्या म्हणाली आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. तिथूनच ओरडली, "तारीख काय लिहू?"

नगरसेविकांनी पर्समधून डायरी काढली. "दीड महिना द्या."

आता सह्यांचा नवा कागद निघाला. त्यात राजीनामा नव्हता, अडगळ नव्हती, कुणाचा रंग नव्हता. एवढंच होतं: एक्केचाळीस बाक, अमुक तारखेपर्यंत, आणि पुढच्या वेळी उचलण्याआधी फाटकावर सूचना लावा. पहिली सही आत्याची, दुसरी खोडरबरची. टेलरकाकांनी सही करण्यापूर्वी कागद तीनदा वाचला आणि फोन खिशात असल्याची खात्री करून घेतली. औषधवाल्यानेही सही केली, मात्र जांभळ्या शाईने. बाबांनी कागद घरी नेला आणि दोन दिवस ठेवून घेतला. आईने विचारलं तर म्हणाले, "अभ्यास चालू आहे." टाकीमागे जाऊन त्यांनी स्वतः बाक मोजले. चाळीस भरले. परत मोजले, पुन्हा चाळीस. एक्केचाळिसावा पहारेकऱ्याच्या खोलीत सापडला, त्यावर पहारेकरी झोपला होता. मगच बाबांनी सही केली.

दीड महिन्याचे दोन महिने झाले, पण बाक आले. सत्तावीस जुने घासूनपुसून, आणि चौदांना नवे पाय लावून. सगळ्यांना हिरवा रंग दिला होता. आम्ही सगळे बघायला गेलो. आत्या, खोडरबर, आई, मी, आणि सर्वांत पुढे बाबा. गेल्या दोन महिन्यांत बाबांचं अगदी मतपरिवर्तन झालं होतं. आता ते कशावरच विश्वास ठेवत नसत. आई म्हणाली भाजीत मीठ जास्त झालंय, तर म्हणायचे, "पुरावा?" घड्याळात आठ वाजले असले तर खिडकीतून शेजाऱ्याचं घड्याळ बघायचे. आत्या डोक्याला हात लावायची.

बाबांचा तो लाडका बाक पुन्हा त्याच जागी होता. त्यावर पाटी टांगलेली होती, 'रंग ओला आहे'.

"कोण म्हणतं?" बाबा म्हणाले. "ही पाटी कधी लावली? कुणी लावली? काल लावली असेल आणि काढायची राहिली असेल."

"दादा, थांब," आत्या म्हणाली.

"मी कुणाच्या सांगण्यावरून थांबत नाही आता. तूच शिकवलंस."

"अरे, बोट लावून तरी बघ!"

पण बाबा बसले होते. ऐसपैस, पाय पसरून, काठी बाजूला ठेवून. दोन-तीन क्षण त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. मग ते हळूहळू ओसरलं. त्यांनी उठायचा प्रयत्न केला तेव्हा चर्र असा आवाज झाला.

खोडरबरने एक हात धरला, आत्याने दुसरा, आणि दोघांनी ओढून त्यांना सोडवलं. पाठीवर, पँटवर, कोपरांवर हिरवे पट्टे उमटले होते. सगळी बाग बघत होती. बाबांनी मान वळवून आपली पाठ बघायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही. मग विचारलं, "फार दिसतंय का?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली, "पण फाटकापर्यंत तू पुढे चाल. आम्ही मागून बघून सांगतो."